दहा चेंडूंची कसोटी

भातकापणी उरकून झोडणी सुरू झाली, की शहापूर-मुरबाडच्या शिवारात खळ्यांच्या जोडीने खेळपट्ट्याही तयार होऊ लागतात. धसकटं खणून काढायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून धुमसाने जमीन चोपायची, रोलर मिळालाच तर फिरवायचा आणि चुन्याच्या रेषा आखल्या की गावचा चषक सुरू. तिथून पावसाची चाहूल लागेपर्यंत वाशिंद, खर्डी, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या भागात रविवार सहसा मोकळा जात नाही. मंडपात समालोचकाचा माइक, टेबलावर चषकांची उतरंड, स्पर्धा मोठी असली तर मालिकावीरासाठी हार घातलेली मोटारसायकल आणि मोबाइलवर थेट प्रक्षेपण. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली आणि या पोरांच्या स्वप्नांना पैशांचाही रंग चढला. वेगाने चेंडू टाकणारा एखादा तरी पोरगा आता गावोगाव असतो आणि ‘आपलाही नंबर लागेल’ असं त्याला मनापासून वाटत असतं.

नंबर लागेलही. पण नंबर लागल्यावर पुढे काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. वेगवान गोलंदाजाचा धंदा आतून कसा असतो हे पाहायचं, तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या शार्दूल ठाकूरची कारकीर्द उलगडून पाहावी. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. शार्दूलचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा, शेतकऱ्याच्या घरातला. तो वाढला तो ठाणे जिल्ह्याच्या पालघर तालुक्यातच.

शहापूरकराला आसनगावहून मुंबई जितकी लांब, साधारण तितकंच पालघर चर्चगेटपासून लांब आहे. त्यातही विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी शटल किंवा पॅसेंजर धरायची, विरारला गाडी बदलायची, खांद्यावर किटबॅग आणि उतरल्यावर पुन्हा मैदानापर्यंत पायपीट. ‘पालघर एक्स्प्रेस’ हे त्याचं टोपणनाव या प्रवासातूनच आलं.

त्याची गाडी रुळावर आली ती एका घरामुळे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला तारापूरच्या शाळेकडून खेळताना पाहिलं आणि आपल्या शाळेत बोलावलं. हेच लाड सर रोहित शर्माचेही गुरू. पालघरहून रोज बोरिवलीची शाळा करणं आईवडिलांना पटेना, तेव्हा लाड कुटुंबाने या मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. २००६ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले आणि मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये त्याचं नाव झालं. दोन वेळचं जेवण आणि वाचलेली चार-पाच तासांची झोप यांचा त्यात किती वाटा होता, हे कुठल्या धावफलकावर दिसत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये जयपूरला राजस्थानविरुद्ध त्याने मुंबईकडून रणजी पदार्पण केलं. पहिल्या चार सामन्यांत मिळून बळी चार, सरासरी ८२. मुंबईच्या संघातून एखाद्याला कायमचं घरी पाठवायला एवढं पुरेसं असतं. त्यात वजन वाढलेलं. ते कमी कर, असा सल्ला खुद्द सचिन तेंडुलकरने दिला होता, असं सांगितलं जातं. शार्दूलने वजन उतरवलं. २०१३-१४ च्या मोसमात २७ बळी आणि त्यापुढच्या मोसमात दहा सामन्यांत ४८ बळी घेतले. २०१५-१६ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे आठ गडी बाद करून मुंबईच्या ४१ व्या रणजी विजेतेपदात त्याने मोठा वाटा उचलला.

ऑगस्ट २०१७ मध्ये श्रीलंकेत तो भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि पहिल्याच सामन्यात टीकेचा धनी झाला. कारण काय, तर पाठीवर दहा नंबर! सचिनची जर्सी घालणारा हा कोण, म्हणून लोक तुटून पडले. पुढे त्याने ५४ नंबर घेतला.

१२ ऑक्टोबर २०१८ ला हैदराबादेत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण झालं. एक षटक पूर्ण टाकलं, दुसऱ्यातले चार चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. शार्दूल मैदानाबाहेर गेला. त्या सामन्यात त्याला पुन्हा गोलंदाजी करता आली नाही. लहानपणापासूनच्या सगळ्या पहाटेच्या गाड्यांचा हिशेब दहा चेंडूंवर येऊन थांबला. २०१९ मध्ये घोट्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी आयपीएलच्या अंतिम सामन्यात चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. फलंदाज शार्दूल, गोलंदाज लसिथ मलिंगा. संथ यॉर्कर पायावर आदळला, तो पायचीत झाला आणि एका धावेने चषक गेला.

पुढची कसोटी खेळायला त्याला सव्वादोन वर्षं थांबावं लागलं. जानेवारी २०२१, ब्रिस्बेनचं गॅबा मैदान. बुमराह, शमी, अश्विन, जाडेजा सगळे जायबंदी, म्हणून शार्दूलच्या हाती चेंडू आला. पहिल्याच चेंडूवर त्याने मार्कस हॅरिसला बाद केलं. कसोटी कारकिर्दीतला तो त्याचा अकरावा चेंडू होता. मग भारत ६ बाद १८६ असा अडचणीत असताना तो फलंदाजीला आला, पॅट कमिन्सला षटकार ठोकून त्याने खातं उघडलं आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी केली. स्वतःच्या ६७ धावा आणि सामन्यात सात बळी. १९८८ नंतर प्रथमच ऑस्ट्रेलिया या मैदानावर कसोटी हरला. त्याच वर्षी ओव्हलवर त्याने दोन्ही डावांत अर्धशतक केलं, पहिलं तर ३१ चेंडूंत. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेतली ती भारतीय गोलंदाजाची सर्वोत्तम कामगिरी, पण ती कसोटी भारत हरला.

इथे गोष्ट संपली असती तर ती सिनेमाला शोभली असती. धंद्यात तसं होत नाही. आयपीएलच्या २०२२ च्या लिलावात दिल्लीने त्याच्यासाठी १० कोटी ७५ लाख मोजले आणि वर्षभरातच त्याला कोलकात्याकडे सोपवलं. मार्च २०२४ मध्ये तमिळनाडूविरुद्ध मुंबई ७ बाद १०६ अशी कोलमडली असताना त्याने प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक ठोकलं. त्याच वेळी रणजीच्या दोन सामन्यांमध्ये जेमतेम तीन दिवस मिळतात, असंच चाललं तर मुलं जायबंदी होतील, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. तीन महिन्यांनी घोट्यावर दुसरी शस्त्रक्रिया त्याचीच झाली. ऑक्टोबरमध्ये इराणी चषकात अंगात १०२ ताप असताना तो फलंदाजीला उतरला आणि नंतर त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात एकाही संघाने त्याच्यावर बोली लावली नाही.

त्यावर त्याने काय केलं? रणजी खेळला. जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक, मेघालयाविरुद्ध हॅट्ट्रिक. मग आयपीएलमध्ये लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला म्हणून त्या संघाने शार्दूलला ऐन वेळी बोलावलं आणि हैदराबादविरुद्ध त्याने चार बळी टिपले. २०२५ च्या उन्हाळ्यात भारताच्या कसोटी संघात तो परतला, लीड्सला खेळला, पुढच्या सामन्यांत बाहेर बसला, मँचेस्टरला पुन्हा आत आला. त्याच वर्षी मुंबईच्या रणजी संघाचं कर्णधारपदही त्याच्याकडे आलं.

ही ओढाताण एकट्या शार्दूलच्या वाट्याची नाही. धावत येऊन पुढचा पाय आपटताना वेगवान गोलंदाजाच्या घोट्यावर, गुडघ्यावर आणि कमरेवर शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार येतो. वाढत्या वयातल्या गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाते, हे क्रीडावैद्यकाला चांगलं माहीत आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरचं हेच दुखणं कोपरात असतं. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला अस्थिबंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच शरीरातला स्नायुबंध तिथे बसवला. जॉन पुढचा अख्खा मोसम बाहेर राहिला, परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून पुढे येऊन पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाशी करारबद्ध झाले. दिनेशला दोन वर्षांत परतावं लागलं. रिंकू टिकला, पण दुखापतींनी त्यालाही सोडलं नाही आणि शेवटी तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

अमेरिकेने यातून एक धडा घेतला. २०१४ पासून तिथे मुलांसाठी वयानुसार चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे. १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसात ९५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले, तर पुढे चार दिवस विश्रांती.

आपल्याकडे काय चालतं? सामना पाच-सहा षटकांचा असतो, म्हणून कुणाला काळजी वाटत नाही. पण जिंकणारा संघ एका दिवसात तीन-चार सामने खेळतो, प्रत्येक सामन्यात त्याच पोराच्या हाती शेवटचं षटक जातं, आणि दुसऱ्या दिवशी तोच पोरगा शेजारच्या गावाकडून खेळायला जातो. टेनिसचा चेंडू हलका असतो, त्याला वेग द्यायला खांदा जास्त झटकावा लागतो. खांदा दुखला की फवारा मारायचा आणि पुन्हा उभं राहायचं. औताचा बैलसुद्धा दुपारी सोडतात. आपण गोलंदाजाला सोडत नाही.

म्हणून या मोसमात चषक भरवणाऱ्या मंडळांना आणि पोरांच्या आईवडिलांना सांगणं आहे. अठराच्या आतल्या गोलंदाजाचे दिवसातले चेंडू वहीत लिहा आणि आधी ठरवलेली मर्यादा गाठली की चेंडू दुसऱ्याच्या हाती द्या. बक्षिसाच्या रकमेतला थोडा भाग काढून गावात सीझन चेंडूचं एक नेट लावा, कारण निवड चाचणी त्याच चेंडूवर होते. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा कल्याण-ठाण्यात ज्यांचं घर आहे त्यांनी आपल्या गावच्या एका होतकरू मुलाला सरावाच्या दिवसांत मुक्कामाला ठेवून घ्यावं. आणि मुलांनो, पाठ किंवा घोटा आठवड्याहून जास्त दुखत असेल तर स्प्रेवर भागवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वेग तुमच्याकडे आहेच. तो तिशीपर्यंत टिकला, तरच त्याचा उपयोग.