सरबतातली साखर

उन्हाळा सुरू झाला की बाटलीतले रंगीत पेय वाईट आणि घरचे सरबत चांगले, असे आपण मुलांना सहज सांगून टाकतो. हे कितपत खरे आहे? विज्ञानाच्या तासाला ते मोजून पाहता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा नको. चहाचा एक चमचा आणि वाण्याकडचा तराजू पुरे.

प्रथम चमचाच मोजू. दहा सपाट चमचे साखर घेऊन वजन करावे आणि दहाने भागावे. एका चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते असे दिसेल. शिगोशीग चमच्यात पुष्कळच जास्त मावते. म्हणून कृती सांगताना नुसते ‘दोन चमचे’ म्हणून भागत नाही.

आता बाटलीवरचा मजकूर वाचू. अनेक कोला पेयांत १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे २१ ग्रॅम, पाच चमच्यांहून थोडी अधिक. आणि घरचे लिंबू सरबत? तेवढ्याच पेल्यात चार चमचे साखर आपण सहज घालतो. ती झाली १६ ग्रॅम. फरक जेमतेम एका चमच्याचा!

वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले. दिवसाला १६०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलाचा हिशेब करू. १० टक्के म्हणजे १६० किलोकॅलरी. १ ग्रॅम साखरेपासून ४ किलोकॅलरी मिळतात, म्हणून मर्यादा ४० ग्रॅमची. दोन पेले सरबतातच ३२ ग्रॅम संपले. चहा, बिस्किटे आणि गोळ्या-चॉकलेटे अजून बाकीच आहेत.

एवढी साखर जिभेला जाणवत कशी नाही? यासाठी एक प्रयोग करू. पिण्याच्या स्वच्छ पाण्याचे, प्रत्येकी २०० मिलिलिटरचे तीन पेले घ्या.

अ : ४ सपाट चमचे साखर.
ब : ४ चमचे साखर, ४ चमचे लिंबाचा रस.
क : २ चमचे साखर, २ चमचे लिंबाचा रस.

प्रत्येक मुलाला एकेक घोट द्या आणि गोडीचा क्रम लावायला सांगा. ‘अ’ आणि ‘ब’ यांत साखर सारखीच आहे, पण ‘ब’ कमी गोड लागते. आंबटपणा गोडी झाकतो. थंडपणाही तेच करतो. वितळलेले आइस्क्रीम जास्त गोड लागते ते यामुळेच. बाटलीतले पेय आंबटही असते आणि थंडगारही. तेच कोमट करून चाखले की त्यातली साखर जिभेला कळते.

यातूनच उपायही सापडतो. साखर कमी करायची तर आधी लिंबू कमी करावे. ‘क’ मध्ये दोन्ही निम्मे आहेत, म्हणून आंबट-गोडाचा मेळ बिघडत नाही. चव फक्त हलकी होते. ती उणीव वासाने भरून काढावी. भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना, किसलेले आले किंवा वाळ्याचे पाणी चालेल. कैरीचे पन्हे आणि कोकम सरबत यांनाही हाच नियम लागू पडतो. मात्र गूळ घातला म्हणून साखर टळली असे समजू नये. गुळाचा मोठा भाग साखरच असतो.

ज्याला साखर मुळीच लागत नाही असे पेय म्हणजे ताक. एक वाटी ताजे दही, दोन-तीन वाट्या पाणी, जिरेपूड, कोथिंबीर आणि किंचित मीठ एवढ्यावर ते होते. शिवाय दह्यातली प्रथिने आणि कॅल्शियमही पोटात जातात.

एका प्रसंगी मात्र साखर चवीसाठी नसते. मुलाला जुलाब होत असतील तर ओआरएसची पुडी, ती नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ द्यावे. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी शोषले जाते. साखर फार झाली तर उलट घडते. पाणी शरीरातून आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. कोलामध्ये या द्रावणाच्या सुमारे चौपट साखर असते. म्हणून जुलाबात बाटलीतले पेय देऊ नये, आणि चार चमच्यांचे सरबतही नको.

घरच्या पेयाचा खरा गुण हा, की त्यातला चमचा आपल्या हातात असतो. तो सपाट भरावा आणि मोजावा, एवढे मुलांना शिकवता आले तरी पुष्कळ झाले.