आधी ‘म्या’, मग ‘मी’

गळिताचा हंगाम सुरू झाला की नेवासा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून नुसतं ऐकावं. “दोन ट्रॉल्या खाली झाल्या”, “टायरं घासलीत”, “बॅटऱ्या उतरल्यात”. ट्रॉली बाहेरून आली, पण तिचं अनेकवचन करताना कुणाला इंग्रजी आठवलं नाही. पोळीच्या पोळ्या, वाटीच्या वाट्या, तशा ट्रॉलीच्या ट्रॉल्या. ओळखीच्या रूपांवर बेतून नवं रूप घडवण्याच्या या रीतीला भाषाशास्त्रात सादृश्य म्हणतात.

ते जुन्या शब्दांनाही सोडत नाही. त्याच बाकावर कुणी विचारतं, “उद्या पाऊस येईन का रं?” प्रमाण मराठीत मी येईन, पण पाऊस येईल. नगर-नाशिककडच्या बोलण्यात मात्र ‘मी’चा न ‘तो’लाही लागलेला दिसतो. दोन रूपांचं काम एकावर भागतं.

यावर शहरातले हसतात. पण तेच स्वतः “मी फोन करेन” म्हणतात. जुन्या व्याकरणांत सर्वसाधारण नियम असा, की सकर्मक धातूला ई: करीन, मारीन; अकर्मकाला ए: बसेन, उठेन. ही वाटणी बोलणाऱ्यांच्या ध्यानातून गेली आणि ‘बसेन’च्या चालीवर ‘करेन’ आलं. आता ते वर्तमानपत्रांतही बिनदिक्कत छापलं जातं.

हे कसं घडतं, ते तीन वर्षांच्या पोरापाशी दिसतं. “मी करलं”, “मी देलं” असं ते ठासून सांगतं. ‘करलं’ त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पडलं, बसलं, धरलं ऐकून नियम त्यानंच काढलेला असतो. पुढे ‘केलं’ इतक्यांदा कानावर पडतं की ‘करलं’ टिकत नाही. म्हणूनच गेला, आला, झाला, केला, मेला ही वेडीवाकडी रूपं शाबूत आहेत. जे रोज लागतं ते पाठ होतं. जे क्वचित लागतं ते आठवत नाही, मग नियमानं घडवावं लागतं. इंग्रजीतलं जुनं ‘होल्प’ असंच मागे पडून ‘हेल्प्ड’ रुळलं. दिल्लीकडे ‘किया’ऐवजी ‘करा’ मोठी माणसंही सर्रास म्हणतात.

फाट्यावरून नेवासा गावात गेलं की पैसाचा खांब. 1290 साली ज्ञानेश्वरी इथं सांगितली गेली. त्या मराठीत ‘मी’ आणि ‘मियां’, ‘म्यां’ अशी वेगळी रूपं आहेत: आलो तो मी, पण केलं ते म्यां. पुढे नकलकारांच्या हातून पोथ्यांत पाठभेद शिरले. एकनाथांनी 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली. 1909 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरण मांडलं, तेव्हा अशा रूपांचा नीट हिशेब लागू लागला.

तो भेद खेड्यात अजून जिवंत आहे. “म्या सांगितलं व्हतं त्याला,” असं म्हातारी माणसं सहज म्हणून जातात. शहरी कानाला ते गावंढळ वाटतं, पण इथं जुनं आहे ते ‘म्या’च. आम्ही आलो, आम्ही केलं. तुम्ही आलात, तुम्ही केलंत. अनेकवचनात रूप बदलत नाही. एकवचनानंही तीच चाल धरली आणि म्या-त्वा जाऊन मी-तू उरले. शाळेच्या विभक्तीच्या तक्त्यात तृतीयेला ‘मी, म्या’ अजून शेजारी छापलेले असतात, तरी निबंधात ‘म्या’ लिहिलं की गुण जातात.

म्हणजे प्रमाण भाषेतला ‘मी’ही पोराच्या ‘करलं’सारखाच बेतून घडलेला. फरक इतकाच, की त्याला दुरुस्त करणारे कमी पडले आणि वापरणारे पुष्कळ निघाले. ‘पाऊस येईन’चं पुढे काय होणार, तेही असंच ठरेल. त्यात व्याकरणाच्या पुस्तकाला मत नाही. ते निकाल लागल्यावर नोंद करतं.