एका अक्षराची किंमत

बाजारांत कोणतीहि वस्तु घेतांना आपण प्रथम तिचा आंकडा विचारतों. तांदूळ किती किलो, कापड किती मीटर, दिवा किती वॅटचा, अशी आपली चौकशी असते. आणि ती योग्यच आहे. परंतु कित्येकदां आंकडा अगदीं खरा असूनहि त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा ठरतो. संगणकाच्या इतिहासांत याचें एक फार बोधप्रद उदाहरण आहे. १९९८ सालीं बाजारांत आलेले दोन स्वस्त प्रोसेसर, दोघांचा आंकडा एक, दोघांची किंमत जवळजवळ एक, आणि नांवांत फरक केवळ एका अक्षराचा! त्या एका अक्षरांत काय सांठविलें होतें, तें या लेखांत पाहावयाचें आहे.

त्या वर्षीं आमच्या कळंब गांवांतील एका गृहस्थांची कन्या दहावीची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाली. तिला संगणक शिकण्याची हौस होती. वाडींतील केळीं व मोगरा विकून दोन वर्षें जमविलेली शिल्लक वडिलांनीं बाहेर काढली आणि दिवाळीच्या सुमारास नालासोपाऱ्याहून गाडीनें ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गांठला. तेथील एका दुकानदारानें त्यांना इंटेल कंपनीच्या ‘सेलेरॉन ३००’ या प्रोसेसरचा संगणक दाखविला. ‘सेलेरॉन ३००ए’ असेंहि कांहीं निघालें आहे असें गृहस्थांनीं कोणाकडून तरी ऐकिलें होतें. म्हणून त्यांनीं तसें विचारलें. “काका, तीनशें म्हणजे तीनशें! पुढच्या अक्षराकडे काय पाहतां?” असें उत्तर मिळालें. बोलणें सरळ वाटलें. संगणक घरीं आला.

परंतु कांहीं दिवसांतच मुलगी कुरकुर करूं लागली. पत्र टंकित करतांना अक्षरें मागें राहत, हिशेबाचा तक्ता उघडावयास वेळ लागे, दोन कामें एकदम काढलीं कीं यंत्र अडखळे. शेजारच्या वाडींत मागाहून आलेला संगणक मात्र तींच कामें झरझर करी. वडिलांस वाटलें, यंत्र नवें, आंकडा तोच. तेव्हां दोष मुलीच्या हाताचा असला पाहिजे. “तुला अजून येत नाहीं,” असें ते म्हणाले, आणि मुलगीहि तसेंच मानूं लागली. या लहानशा अन्यायाचें मूळ कोठें होतें, हें कळण्यासाठीं आपणांस प्रोसेसरच्या पोटांत डोकावलें पाहिजे.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा काम करणारा भाग. तो एका ठराविक तालावर चालतो. ३०० मेगाहर्ट्झ याचा अर्थ असा कीं, एका सेकंदांत तो ताल तीस कोटी वेळां पडतो. प्रत्येक ठोक्याला कांहींना कांहीं काम व्हावें अशी अपेक्षा असते. मात्र ठोका पडला म्हणजे काम झालेंच, असें समजणें ही चूक आहे. काम होण्यास सामग्री हाताशीं असावी लागते. आणि ती सामग्री, म्हणजे आज्ञा व आंकडे, मुख्य मेमरींतून आणावी लागते. त्या काळच्या या दोन्ही प्रोसेसरांत मेमरीकडे जाणाऱ्या मार्गाचा ताल ६६ मेगाहर्ट्झ होता. म्हणजे मार्गावर एक ठोका पडे तोंवर प्रोसेसरचे साडेचार ठोके होऊन जात. शिवाय मागितलेली गोष्ट मेमरींतून निघून येथवर पोहोंचण्यास मार्गाचे अनेक ठोके लागत. तेवढा वेळ प्रोसेसर बहुधा हात जोडून बसे.

हें आपल्या स्वयंपाकघरांतील उदाहरणानें स्पष्ट करूं. आई कालवण करावयास बसली आहे. हळद, तिखट, मोहरी हीं मिसळणाच्या डब्यांत तिच्या हाताशीं आहेत. जें डब्यांत मावत नाहीं तें पाठीमागच्या फडताळांत आहे. उठून दोन पावलें गेलें कीं मिळतें. आणि जें फडताळांतहि नाहीं त्यासाठीं नालासोपाऱ्याच्या बाजारास जावें लागतें. आतां दोन घरें कल्पा. दोहींतील गृहिणी सारख्याच चपळ, डबाहि सारखाच. परंतु एका घरांत फडताळच नाहीं. तेथें चिंच संपली कीं बाजार, खोबरें संपलें कीं बाजार! तिच्या हाताचा वेग कितीहि असो, चुलीवरचें कालवण वेळेवर उतरणार नाहीं.

प्रोसेसरमध्यें या मिसळणाच्या डब्यास पहिल्या पायरीची कॅश म्हणतात. ती दोन्ही सेलेरॉनांत होती: १६ किलोबाइट आज्ञांसाठीं व १६ किलोबाइट आंकड्यांसाठीं, एकूण ३२. फडताळ म्हणजे दुसऱ्या पायरीची कॅश. जून १९९८ मध्यें आलेल्या सेलेरॉन ३०० मध्यें ती मुळींच नव्हती. २४ ऑगस्ट १९९८ रोजीं आलेल्या सेलेरॉन ३००ए मध्यें ती १२८ किलोबाइटची होती. आणि विशेष हा कीं, ती त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेली असून प्रोसेसरच्या पूर्ण तालावर चालत असे. पहिल्यांत सुमारे ७५ लाख ट्रान्झिस्टर होते, तर दुसऱ्यांत सुमारे १ कोटी ९० लाख. ही वाढ मुख्यतः त्या फडताळाची होती. बाहेरून नांव पाहणारास मात्र केवळ एक ‘ए’ दिसत असे.

फडताळ मुळांत काढून कां टाकलें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें कारण किंमत. इंटेलच्या पेंटियम टू या महाग प्रोसेसरमध्यें दुसऱ्या पायरीची ५१२ किलोबाइट कॅश असे. परंतु ती वेगळ्या चिपांत, त्याच पेटीच्या आंत बसविलेली असून अर्ध्या तालावर चाले. त्या चिपांना पैसे पडत. इकडे एएमडी व सायरिक्स या कंपन्या स्वस्त संगणकांचा बाजार काबीज करूं पाहत होत्या. त्यांना तोंड देण्यासाठीं इंटेलनें एप्रिल १९९८ मध्यें पहिला सेलेरॉन काढला, तो त्या चिपा वगळून. लोकांनीं व परीक्षकांनीं नांवें ठेविलीं तेव्हां चारच महिन्यांत चूक सुधारली गेली.

आतां थोडा हिशेब करून पाहूं. पुढील आंकडे मोजलेले नसून समजुतीसाठीं घेतलेले आहेत, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. समजा, प्रोसेसरला एक हजार वेळां सामग्री हवी आहे. त्यांपैकीं ९५० वेळां ती डब्यांतच, एका ठोक्यांत, मिळते. उरलेल्या ५० वेळां फडताळ नसल्यामुळें बाजारास जावें लागतें, व प्रत्येक खेपेस ४० ठोके खर्च होतात. एकूण ठोके झाले ९५० अधिक २,०००, म्हणजे २,९५०. आतां फडताळ असलेलें घर घ्या. त्या ५० पैकीं ४० वेळां वस्तु फडताळांत ८ ठोक्यांत सांपडते. ते झाले ३२०. उरलेल्या १० वेळां आधीं फडताळ पाहून मग बाजारास जावें लागतें. म्हणजे प्रत्येकीं ४८ ठोके, एकूण ४८०. सर्वांची बेरीज १,७५०. ताल तोच, हात तोच, आणि तरीहि तेंच काम जवळजवळ तीन-पंचमांश वेळांत झालें! हजारांत केवळ पन्नास वेळांची अडचण, परंतु दोनतृतीयांशाहून अधिक वेळ तीच खाऊन टाकीत होती.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. सेलेरॉन ३०० अगदींच टाकाऊ नव्हता. ज्या कामांत थोड्याच आज्ञा पुनःपुन्हां चालतात व सामग्री लहान डब्यांत मावते, त्या कामांत तो बरा चाले. त्या काळचे कांहीं त्रिमितीय खेळ त्यावर ठीक चालत, याचें कारण हेंच. परंतु पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, एका वेळीं अनेक खिडक्या उघडणें, अशा कचेरीच्या व विद्यार्थ्याच्या कामांत सामग्री पसरलेली असते. तेथें तो मागें पडे. म्हणून “कोणता प्रोसेसर चांगला?” हा प्रश्न अपुरा आहे, “कोणत्या कामासाठीं?” हे शब्द त्यास जोडल्याखेरीज उत्तर मिळत नाहीं.

किंमतीचा विचार केला तर निवाडा आणखी स्पष्ट होतो. दोन्ही प्रोसेसर बाजारांत येतांना घाऊक दर सुमारें दीडशें डॉलरचाच होता. ज्या दिवशीं ३००ए आला त्याच दिवशीं पेंटियम टू ४५० हाहि आला; त्याचा दर ६६९ डॉलर होता, आणि ३००ए चा १४९. मार्गाचा ताल ६६ वरून १०० केला तर ३००ए हाहि ४५० मेगाहर्ट्झवर चालतो, असें हौशी लोकांच्या ध्यानांत आलें, व चौथ्या हिश्शाहूनहि कमी किंमतींत त्यांनीं जवळजवळ तेवढेंच काम काढून घेतलें. हें मात्र सर्वांस साधत नसे. अधिक तालानें उष्णता वाढते, प्रत्येक नग तो ताण सोसतोच असें नाहीं, आणि कंपनीची हमीहि जाते. म्हणून घरच्या एकुलत्या एका यंत्रावर असा प्रयोग करूं नये.

सामान्य शक्तीच्या प्रोसेसरांनाहि चांगली मांडणी मिळाली तर ते केवढें कार्य करतात, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पुणें येथें १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत इन्मॉस कंपनीचे टी-८०० जातीचे ट्रान्सप्यूटर जोडलेले होते. एकेकटा ट्रान्सप्यूटर कांहीं अलौकिक नव्हता. परंतु प्रत्येकाच्या पोटांत ४ किलोबाइटची स्वतःची शीघ्र मेमरी होती व शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं चार दुवे होते. सामग्री जवळ व संवाद सुलभ, या दोन गुणांवर ती रचना उभी राहिली.

आज सेलेरॉन ३०० कोणी विकत घेणार नाहीं. तो आतां जुन्या वस्तूंच्या कपाटांत गेला. परंतु जुना संगणक मुलांसाठीं घेणारे पालक आजहि पुष्कळ आहेत, व “आंकडा तोच आहे” हें वाक्यहि बाजारांत अजून ऐकूं येतें. त्यांनीं चार गोष्टी पाहाव्या. पहिली, प्रोसेसरचें पूर्ण नांव, शेवटच्या अक्षरासह, लिहून घ्यावें. एकाच नांवाच्या घराण्यांत नवे-जुने व सबळ-दुर्बळ असे सर्व असतात. दुसरी, कॅश व मेमरी किती हें विचारावें. तिसरी, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागीं एसएसडी बसविण्याचा खर्च धरावा. जुन्या यंत्रास याहून मोठा लाभ क्वचितच होतो. चौथी, त्यावर कोणती प्रणाली चालेल तें पाहावें. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आणि विंडोज ११ साठीं इंटेलचा कोअर प्रोसेसर साधारणपणें आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स घालून विद्यार्थ्याचें काम उत्तम चालवितां येतें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, पैसे देण्यापूर्वीं आपलें नित्याचें काम त्या यंत्रावर स्वतः करून पाहावें.

आतां त्या मुलीची गोष्ट पुरी करूं. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टींत तिच्या मामानें एक सेलेरॉन ३००ए मिळविला. दोन्ही प्रोसेसर एकाच प्रकारच्या खांचेंत बसत असत. मुलीनें स्वतः झांकण उघडलें, जुनी पेटी काढली व नवी बसविली. मेमरी तीच, डिस्क तीच, पडदा तोच, ताल तोच आणि हातहि तेच. तिनें हिशेबाचा तक्ता उघडला, व तो पूर्वींसारखा रेंगाळला नाहीं. वडील मागें उभे राहून पाहत होते. कांहीं वेळानें ते म्हणाले, “बाय, तुझा हात बरोबर होता. फडताळच नव्हतें.”

विद्यार्थी मित्रहो, शास्त्राची रीत ती हीच. एक गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशींच ठेवावीं, आणि मग दोष कोणाचा तें ठरवावें. यंत्राविषयीं हा नियम जितका खरा, तितकाच माणसांविषयींहि खरा आहे. एकाद्याचें काम मागें पडलेलें दिसलें तर त्याच्या हातास नांवें ठेवण्यापूर्वीं, त्याच्या घरांत फडताळ आहे कीं नाहीं, एवढें तरी आपण पाहावें.