डिस्कच्या साखळीला दोन तोंडे का असावीत?

संगणक घेताना आपली व्यापारी मंडळी दोनच गोष्टी विचारतात. डिस्क केवढी आणि किंमत किती. ती डिस्क आत जोडली कशी आहे, हे कोणी विचारत नाही. दुकानाच्या हिशेबापुरत्या एक-दोन डिस्क असतील तर न विचारलेलेही चालून जाते. परंतु सहकारी बँक, इस्पितळ किंवा मोठा छापखाना अशा ठिकाणी एकेका पेटीत दहा-पंधरा डिस्क असतात. तिथे सगळ्या डिस्क धडधाकट असूनही केवळ एका केबलपायी काम ठप्प होऊ शकते. माहिती जागच्या जागी असते, तिच्यापर्यंत जाणारा रस्ताच बंद झालेला असतो.

पूर्वी सर्व्हरमधील डिस्क बहुधा ‘स्कझी’ पद्धतीने जोडलेल्या असत. ही पद्धत म्हणजे एक सामायिक रस्ता. रुंद स्कझीच्या केबलमध्ये ६८ तारा. तिच्यावर जास्तीत जास्त १६ पत्ते आणि त्यातला एक खुद्द नियंत्रक कार्डाचा. एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. केबलच्या दोन्ही टोकांना ‘टर्मिनेटर’ लावावा लागे, नाहीतर संकेत टोकावर आपटून माघारी येत आणि सगळाच गोंधळ उडे. म्हणूनच मधली एक पिन वाकली तरी त्या पलीकडच्याच नव्हे, तर पुष्कळदा सगळ्याच डिस्क मुक्या होत.

यावर आय.बी.एम. कंपनीच्या इंग्लंडमधील हर्सली येथील प्रयोगशाळेत वेगळा विचार झाला. त्यातून ‘सीरियल स्टोरेज आर्किटेक्चर’, थोडक्यात एस.एस.ए., ही पद्धत निघाली. १९९६ साली ती अमेरिकेत अधिकृत मानक ठरली. हिच्यात सामायिक रस्ता नाही. प्रत्येक डिस्कला दोन दारे, एक डावीकडच्या शेजाऱ्यासाठी आणि एक उजवीकडच्यासाठी. नियंत्रक कार्डाच्या एका दारातून निघायचे, एकेक डिस्क ओलांडत जायचे आणि त्याच कार्डाच्या दुसऱ्या दारातून परत यायचे. ६८ तारांऐवजी संकेतांच्या दोनच जोड्या, एक पाठवण्यासाठी व एक घेण्यासाठी. सुरुवातीला प्रत्येक दुव्याचा वेग दर दिशेला सेकंदाला २० मेगाबाइट होता. कार्डाची दोन्ही दारे आणि दोन्ही दिशा धरल्या तर तो ८० होई. शिवाय साखळीच्या एका भागात देवाणघेवाण चालू असताना दुसऱ्या भागात दुसरी चालू शकत असे. स्कझीत हे शक्यच नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. समजा, साखळीत १६ डिस्क आहेत आणि पाचवी व सहावी यांच्यातील दुवा तुटला. बंद गल्ली असती तर पुढच्या अकरा डिस्क हातच्या गेल्या असत्या. पण या गल्लीला दोन तोंडे आहेत. पहिल्या पाच डिस्ककडे एका बाजूने जाता येते, उरलेल्या अकरांकडे दुसऱ्या बाजूने. कार्ड स्वतःच ओळखते की साखळी उघडी झाली आहे आणि निरोप दुसऱ्या अंगाने पाठवू लागते. काम करणाऱ्या कारकुनाला काही झाल्याचे कळतही नाही.

आमच्या मते खरा धोका याच सोयीत आहे. काही कळत नाही, म्हणून कोणी काही करत नाही. साखळी महिनोन् महिने उघडी राहते आणि काम सुरळीत चालल्यासारखे दिसते. मग एके दिवशी दहावी डिस्क नादुरुस्त होते. मेकॅनिक येतो आणि चालू यंत्रातून ती बाहेर ओढतो. डिस्क काढली की त्या जागी साखळी पुन्हा उघडते. आता एक तुटका दुवा पाच-सहाच्या मध्ये आणि दुसरी फट दहाव्या जागी. मधल्या सहा, सात, आठ, नऊ या चारही डिस्क उत्तम स्थितीत, पण त्यांच्याकडे कोणत्याच बाजूने जाता येत नाही. ‘रेड-५’ पद्धतीत मांडलेला संच एका डिस्कची गैरहजेरी सोसतो. येथे एकदम पाच गैरहजर, म्हणजे अख्खा संच बंद. लोक मेकॅनिकला दोष देतात. वास्तविक पहिला दुवा तुटला तेव्हाच दुरुस्ती व्हायला हवी होती.

हे आधी कळण्याची सोय होती. आय.बी.एम.च्या ए.आय.एक्स. प्रणालीत दुवे तपासण्याचा एक पर्याय असे. तो प्रत्येक डिस्कपुढे दोन आकडे दाखवी: एका दारापासून ती कितव्या पायरीवर, दुसऱ्या दारापासून कितव्या. दोन्ही आकडे दिसले तर साखळी बंद, म्हणजे ठीक. एकच दिसला तर कुठेतरी फट आहे, हे पाहताक्षणी समजे. याच कारणासाठी त्या कंपनीच्या ७१३३ या १६ खणांच्या पेटीत रिकामा खण तसाच ठेवत नसत. तिथे डिस्कच्या आकाराचा नकली तुकडा बसवीत, म्हणजे दुवा पुढे जाई.

एस.एस.ए.ची स्पर्धक होती ‘फायबर चॅनल आर्बिट्रेटेड लूप’. तीही गोलच, पण निरोप एकाच दिशेने फिरत, सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट वेगाने. एका दिशेचे वर्तुळ एका जागी तुटले की सगळेच थांबते. म्हणून प्रत्येक खणापाशी बिघडलेल्या डिस्कला वगळून संकेत पुढे नेणारी सोय ठेवीत आणि डिस्कच्या दोन दारांना दोन स्वतंत्र वर्तुळांत जोडीत. एक वर्तुळ गेले तर दुसरे हजर. साधेपणात आम्हाला एस.एस.ए. सरस वाटते. पण बाजार सरसपणावर चालत नाही. फायबर चॅनलच्या मागे अनेक कंपन्या उभ्या राहिल्या, एस.एस.ए. मुख्यतः एकीचीच राहिली. आय.बी.एम.ने १९९९ च्या ‘शार्क’ या मोठ्या साठवण-यंत्रात ती वापरली. २००४ साली आलेल्या डी.एस. ८००० या पुढच्या यंत्रात मात्र फायबर चॅनल घेतले.

आजच्या एस.ए.एस. पद्धतीत गोल साखळी चालत नाही, जोडणी झाडाच्या फांद्यांसारखी असते. तरी दोन तोंडांची कल्पना तिथेही टिकली आहे. डिस्कला दोन दारे असतात, नियंत्रक दोन असतात. जाणकार कारागीर एका नियंत्रकाची केबल पहिल्या पेटीपासून खाली नेतो आणि दुसऱ्याची शेवटच्या पेटीपासून वर. मग मधली एक पेटी बंद पडली तरी खालच्या पेट्या सुटत नाहीत. दोन्ही केबली पहिल्याच पेटीत खोचल्या असतील, तर दोन रस्त्यांचे पैसे देऊन एकाच नाक्यावर अडकण्यासारखे आहे. असे जोडकाम आजही सर्रास आढळते.

दुसरा रस्ता म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही रस्त्यांनी पुसलेलीच दिसेल. तिच्यासाठी वेगळा बॅकअप हवा, तोही वेगळ्या जागी. यंत्र विकणाऱ्याला मात्र हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. दोन्ही रस्ते एकाच कार्डाला जाऊन मिळतात की दोन निरनिराळ्या? दोन्ही कार्डांना वीज एकाच जोडणीतून येते काय? आणि एक रस्ता तुटला तर ती सूचना कोणाच्या टेबलावर येते? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता गप्प झाला, तर पैसे देण्यापूर्वी त्याच्याच समोर एक केबल काढायला सांगावी आणि इशारा कुठे उमटतो ते स्वतः पाहावे.