अनाहूत विचारांचा मंत्रचळ

'मंत्रचळ' हा शब्द मराठी घरांना नवा नाहीं. पुन्हां पुन्हां हात धुणारें, घासलेला तांब्या परत घासणारें, दाराची कडी दहा वेळां चांचपून पाहणारें माणूस बहुतेकांच्या नात्यांत वा शेजारांत असतेंच. वैद्यकांत यालाच हल्लीं ओ. सी. डी. म्हणतात. परंतु याच विकाराचा एक प्रकार बाहेर फारसा दिसत नाहीं. तो मनांतल्या मनांत चालतो, आणि ज्याला तो जडतो तो लाजेनें त्याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. उपाय असूनहि मुकाट्यानें वर्षानुवर्षें दुःख भोगणारे रोगी या प्रकारांत पुष्कळ. म्हणून त्याची ओळख प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास असावी.

बाळंतीण तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली असते. समोर विळी दिसते आणि एकाएकीं मनांत येतें, 'ही आपण बाळाला लावली तर?' देवघरांत बसलेल्या भाविक गृहस्थाच्या मनांत मूर्तीकडे पाहतांच अभद्र शिवी उमटते. एखाद्या सुशील तरुणास आपल्याच नात्यांतील माणसांविषयीं असा कांहीं विचार येतो, कीं तो कोणापाशीं बोलण्याची सोय नसते. या विचारांना त्या माणसांची संमति नसते. उलट, जें त्यांना सर्वांत प्रिय व पवित्र, त्यावरच हे विचार घाला घालतात. हें वर्म ध्यानांत न आल्यामुळें रोगी स्वतःस पापी ठरवितो आणि तोंड मिटून बसतो.

असले विचार केवळ रोग्यांनाच येतात काय? लंडन येथील संशोधक रॅकमन आणि डी सिल्वा यांनीं हाच प्रश्न निरोगी माणसांना विचारला व त्याचे निष्कर्ष १९७८ सालीं प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेकांनीं आपल्याहि मनांत असे नकोसे विचार येतात अशी कबुली दिली होती. विचारांचें स्वरूप दोन्ही पक्षीं पुष्कळसें सारखेंच निघालें. भेद होता तो विचार किती वेळां येतो, किती टिकतो आणि मनाला किती छळतो, यांत. निरोगी मनुष्य 'काय वेडेंवांकडें मनांत आलें!' म्हणून कामाला लागतो. रोगी 'हें माझ्या मनांत आलेंच कसें?' याचा शोध घेत बसतो.

येथूनच फेरा सुरू होतो. आई विळी माळ्यावर ठेवविते, बाळाला न्हाऊं घालण्याचें काम सासूवर सोपविते, 'मी तशी नाहीं ना?' म्हणून नवऱ्यास वारंवार विचारते. भाविक गृहस्थ एका अभद्र शब्दामागें शंभर वेळां नाम घेतो, आणि मोजण्यांत चूक झाली कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करतो. यानें घटकाभर जीव हलका होतो. पण 'उपाय केला म्हणूनच अनर्थ टळला' अशी मनाची खोटी समजूत होते आणि विचार अधिक जोरानें परततो. दाराशीं आलेल्या कुत्र्यास रोज भाकरी घालावी आणि तें रोज कां येतें म्हणून त्रागा करावा, तशांतली ही गत आहे.

जॉन बनियन या इंग्रज ग्रंथकारानें १६६६ सालीं छापलेल्या आत्मवृत्तांत असाच एक फेरा वर्णिला आहे. त्याच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या ग्रंथाचें मराठी रूपांतर हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' या नांवानें केलें, म्हणून मराठी वाचकांस तो अगदींच परका नाहीं. ख्रिस्ताला विकून टाकावें, हा एकच विचार त्या धर्मनिष्ठ माणसाच्या मागें वर्षभर लागला होता. त्याला नकार देतां देतां तो हातांनीं व कोपरांनीं जणूं कोणास ढकलीत असे. भरल्या ताटावरून उठून प्रार्थनेस जाणें त्यास भाग पडे. आजचे कित्येक मानसशास्त्रज्ञ याकडे याच विकाराचें जुनें उदाहरण म्हणून पाहतात. इतकें झगडूनहि विचार हटेना. कारण झगडणें हेंच त्याचें खाद्य होतें.

बनियनच्या काळीं नव्हता तो उपाय आज आहे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील व्हिक्टर मायर यांनीं १९६६ सालीं दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एका बाईस धर्माविषयीं अभद्र विचार येत असत. भीतीच्या गोष्टींपासून दूर न ठेवतां मायर यांनीं रुग्णांस त्यांच्या समोर नेलें आणि मनःशांतीसाठीं चालणारे त्यांचे विधि बंद ठेवविले. पुढें याच पद्धतीस व्यवस्थित रूप आलें. रोगी व चिकित्सक मिळून भीतीची एक शिडी आंखतात: प्रथम मनांतला विचार कागदावर लिहावा, मग विळी समोर ठेवून बसावें, मग बाळ जवळ असतांना भाजी चिरावी. प्रत्येक पायरीवर भीति चढते. तेव्हां पळावयाचें नाहीं, जप मोजावयाचा नाहीं, कोणास विचारावयाचें नाहीं. भीति बहुधा आपोआप ओसरते, आणि न ओसरली तरी सोसतां येते, असा अनुभव वारंवार आला म्हणजे विचाराची नांगी मोडते.

औषधांचीहि जोड मिळते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखीं औषधें डॉक्टर देतात. त्यांचा पुरता गुण दिसावयास आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणून पंधरवड्यांत निराश होऊन तीं आपल्या मनानें सोडूं नयेत. मात्र एक विवेक ठेवावा. बाळंतपणानंतर एखादी स्त्री असल्या विचारांना न भितां ते खरे व योग्य मानूं लागली, तिला भास होऊं लागले किंवा ती असंबद्ध बोलूं लागली, तर तो निराळा व तातडीचा आजार होय. तिला त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें आणि बाळासह एकटी ठेवूं नये.

घरच्या माणसांनीं अशा रोग्यावर रागावूं नये, त्याला हंसूं नये. आणि प्रेमापोटीं घडोघडीं 'तूं तसें करणार नाहींस' असा दिलासाहि देत राहूं नये. तो दिलासा म्हणजे त्या कुत्र्याची भाकरीच होय. 'हा विकार बोलतो आहे. त्याला उत्तर न देतां आपण थोडा वेळ बसूं' इतकें म्हणणें पुरे. बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत या विकाराची विशेष चिकित्सा होते. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. रुग्णाची हकीकत गुप्त राखण्याचें बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें घातलेलें आहे. विचार मनांत येणें हा गुन्हा नव्हे आणि पापहि नव्हे; तो एका जाणत्या माणसापाशीं उघडपणें बोलणें, ही बरें होण्याची पहिली पायरी होय.