पौगंडावस्थेतील निद्रा

पौगंडावस्थेत पदार्पण केलेला मुलगा रात्री ११ वाजून गेले तरी जागा राहतो आणि प्रातःकाळी हाका मारूनही उठत नाही, म्हणून त्याच्यावर आळसाचा ठपका ठेवण्यापूर्वी पालकांनी शरीरशास्त्राची साक्ष अवश्य घ्यावी. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन नावाचे जे संप्रेरक स्रवते आणि शरीरास विश्रांतीची वर्दी देते, त्याचा स्राव या वयात बाल्यापेक्षा एक ते दोन तास विलंबाने सुरू होतो. निद्रेची गरज मात्र ८ ते १० तासांची असते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली, या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली. शाळेची वेळ बदलणे पालकांच्या अखत्यारीत नसले, तरी निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवणे, दिवे मंद करणे, सायंकाळनंतर चहा-कॉफी वर्ज्य करणे, सकाळी मुलास कोवळ्या उन्हात नेणे आणि सुटीच्या दिवशीही उठण्याची वेळ फारशी ढळू न देणे, एवढा बंदोबस्त बहुतेक घरांत शक्य आहे. हे नियमन मुलास विश्वासात घेऊन, चिकाटीने केल्यास निद्रेची वेळ हळूहळू अलीकडे सरकते आणि घरातील रोजचा कलहही टळतो.