विश्लेषण : अजिंठ्याची चित्रे पिवळी का पडली?

अजिंठ्याची भित्तिचित्रे वाचवण्यासाठी हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवला. मात्र रंगांवर लाखेचे रोगणही चढवले.

मग बिघडले काय?

भाताचे तूस, गवत मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर ही चित्रे आहेत. कालांतराने रोगण पिवळे पडले, त्यात धूळ-काजळी अडकली. त्याखालचा निळा रंग हिरवट दिसू लागला.

उपाय कोणता?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी द्रावके वापरून हे थर हळूहळू उतरवले. घाई केली तर रोगणाबरोबर रंगही निघण्याचा धोका असतो. म्हणूनच संवर्धनाचे आजचे तत्त्व : पुढे काढता येईल, असाच लेप लावावा.